अनिश्चिततेतील नियमाचा शोध

नाणे उडवल्यावर छापा पडेल की काटा, हे आधी कोणालाच सांगता येत नाही. पण तेच नाणे हजारो वेळा उडवले, तर त्यातून एक नियम प्रकट होतो. हा नियम गणिताच्या भाषेत प्रथम मांडणारे अब्राहम द म्वाव्र यांचे स्वतःचे जीवन मात्र अखेरपर्यंत अस्थिरच राहिले.

म्वाव्र यांचा जन्म २६ मे १६६७ रोजी फ्रान्समध्ये एका प्रोटेस्टंट कुटुंबात झाला. त्यांचे वडील शल्यचिकित्सक होते. १६८५ मध्ये राजा चौदावा लुई याने प्रोटेस्टंट प्रजेचे धर्मस्वातंत्र्य हिरावून घेतले. त्यानंतर तरुण म्वाव्र यांनी मायदेश सोडला आणि लंडनचा आश्रय घेतला.

परक्या देशात उपजीविकेचे साधन एकच होते, ते म्हणजे खाजगी शिकवण्या. एका विद्यार्थ्याच्या घरून दुसऱ्याच्या घरी पायपीट करण्यात त्यांचा दिवस सरत असे. त्याच सुमारास न्यूटन यांचा ‘प्रिन्सिपिया’ हा ग्रंथ त्यांच्या पाहण्यात आला. एवढा मोठा ग्रंथ बरोबर बाळगणे शक्य नव्हते. म्हणून त्याची पाने फाडून ते खिशात ठेवत आणि दोन शिकवण्यांच्या मधल्या वेळात त्यांचा अभ्यास करत. या चिकाटीला फळ आले. १६९७ मध्ये रॉयल सोसायटीने त्यांना सदस्यत्व दिले. पुढे न्यूटन यांच्याशीही त्यांची मैत्री जडली. तथापि परकीय म्हणून विद्यापीठाचे दार त्यांच्यासाठी कधीच उघडले नाही. लंडनच्या कॉफीगृहात बसून जुगारातील शक्याशक्यतेची गणिते सोडवून देणे, हाही त्यांच्या चरितार्थाचा एक मार्ग होता.

या गणितांतूनच त्यांचा संभाव्यतेवरील ग्रंथ १७१८ मध्ये साकार झाला. १७३३ मध्ये त्यांनी एक छोटी लॅटिन पुस्तिका छापून मित्रांना वाटली. तिच्यात त्यांचा सर्वांत मोठा शोध होता. नाणे ३६०० वेळा उडवल्यास सुमारे १८०० वेळा छापा अपेक्षित असतो. प्रत्यक्षात संख्या थोडी कमीअधिक येते, पण किती? म्वाव्र यांनी दाखवले, की हा फरक फेकींच्या संख्येच्या नव्हे, तर तिच्या वर्गमूळाच्या प्रमाणात वाढतो. ३६०० चे वर्गमूळ ६०, त्याचे निम्मे ३०. म्हणून छाप्यांची संख्या १७७० ते १८३० च्या दरम्यान येण्याची शक्यता शंभरात सुमारे ६८ असते. फेकी चौपट केल्या, तर फरक केवळ दुप्पट होतो. प्रत्येक संख्येच्या शक्यतेचा आलेख काढला, तर त्याला घंटेसारखा आकार येतो.

पुढे फ्रेंच गणिती लाप्लास यांनी हा विचार अधिक व्यापक केला. त्यातूनच ‘केंद्रीय सीमा प्रमेय’ विकसित झाले. मोजमापातील चुकांचा अंदाज घेताना किंवा थोड्या लोकांच्या पाहणीवरून संपूर्ण समाजाविषयी अनुमान काढताना आज याच प्रमेयाचा आधार घेतला जातो.

१७५४ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीने म्वाव्र यांना सदस्य म्हणून निवडले. ज्या देशातून त्यांना बाहेर पडावे लागले होते, त्याच देशाने त्यांचा गौरव केला. त्याच वर्षी २७ नोव्हेंबर रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. त्यांना अध्यापकाचे पद मिळाले नाही. परंतु रस्त्याने चालता चालता केलेला अभ्यास वाया गेला नाही.