कल्पाती रामकृष्ण रामनाथन

कल्पाती रामकृष्ण रामनाथन (२८ फेब्रुवारी १८९३ – ३१ डिसेंबर १९८४) हे भारतीय भौतिकशास्त्रज्ञ व हवामानशास्त्रज्ञ होते. पुण्यातील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत लेझरचे किरण आकाशात सोडून, परतणाऱ्या प्रकाशावरून हवेच्या थरांचा अभ्यास केला जातो. या तंत्राला लायडार म्हणतात. लेझर नव्हता त्या काळात जमिनीवरून, प्रकाशाच्याच आधारे उंचावरील हवेचा वेध घेणाऱ्यांत रामनाथन अग्रणी होते.

प्रकाशाचे प्रकीर्णन

केरळमधील पालक्काडजवळील कल्पाती येथे त्यांचा जन्म झाला. त्रिवेंद्रममध्ये अध्यापन केल्यानंतर १९२१ साली ते कोलकात्यास चंद्रशेखर वेंकट रामन यांच्याकडे संशोधनासाठी गेले. १९२३ मध्ये पाण्यातून विखुरणाऱ्या सूर्यप्रकाशात त्यांना मूळ रंगाहून वेगळ्या रंगाचा अंधुक अंश आढळला. पाणी वारंवार शुद्ध करूनही तो नाहीसा होईना. तरीही अशुद्धीमुळे उमटणारे अनुस्फुरण असाच त्याचा अर्थ लावला गेला. पाच वर्षांनी, २८ फेब्रुवारी १९२८ रोजी, रामन व के. एस. कृष्णन यांच्या प्रयोगांतून हा प्रकाशाचा स्वतंत्र परिणाम असल्याचे सिद्ध झाले. योगायोगाने तो रामनाथन यांचा ३५ वा वाढदिवस होता. निष्कर्ष हुकला, पण निरीक्षण अचूक होते, याची नोंद करणे न्याय्य ठरेल. आज काही लायडार याच रामन परिणामाच्या साहाय्याने हवेतील बाष्प मोजतात.

हवामान खाते

१९२५ मध्ये ते भारतीय हवामान खात्यात दाखल झाले. पुणे हे तेव्हा या खात्याचे प्रमुख केंद्र बनत होते. आग्र्याहून सोडलेल्या फुग्यांसोबतची नोंदयंत्रे खाली पडल्यावर सापडली, तरच माहिती हाती येई. अशा नोंदींवरून त्यांनी १९२९ साली दाखवले की, खालच्या वातावरणाच्या माथ्यावरील सर्वांत थंड हवा ध्रुवांवर नसून विषुववृत्तावर, सुमारे १७ किलोमीटर उंचीवर असते.

ओझोनसाठी त्यांनी दुसरा मार्ग धरला. सूर्य क्षितिजाकडे झुकत असताना थेट डोक्यावरील आकाशातून येणाऱ्या दोन जंबुपार तरंगलांबींच्या तीव्रतेचे गुणोत्तर डॉबसन वर्णपटमापकाने मोजतात. ते एका दिशेने बदलत जाते आणि सूर्य क्षितिजानजीक आला की उलट फिरते. या उलटण्यावरून ओझोन कोणत्या उंचीवर किती आहे, हे काढता येते. हा परिणाम स्विस शास्त्रज्ञ गोट्झ यांनी शोधला. आर. व्ही. करंदीकर व रामनाथन यांचा कमी अक्षांशांवरील ओझोनविषयीचा शोधनिबंध १९४९ साली प्रसिद्ध झाला.

निवृत्तीनंतर ते अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेचे पहिले संचालक झाले. १९७६ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले.