केल्विन: नाव तापमानाला, काम तुमच्या डॅकमध्ये

मोबाईलवर गाणं लावलं की फाईलमधल्या आकड्यांचं व्होल्टेज होतं आणि ते हेडफोनपर्यंत जातं. हे काम करणारी चिप म्हणजे डिजिटल-टू-ॲनालॉग कन्व्हर्टर. बोलताना आपण नुसतं डॅक म्हणतो. डब्यावर २४ बिट, ३२ बिट असे आकडे असतात आणि आपल्याला वाटतं, बिट जितके जास्त तितकं माप अचूक. पण कानासाठी बनवलेल्या डॅकचं सगळं लक्ष आवाज स्वच्छ येण्याकडे असतं. नेमके २ व्होल्ट मागितले तर नेमके २ व्होल्टच मिळतील, अशी हमी तो देत नाही. मोजमापाचा डॅक वेगळा. तो बनवायला बसलं की चिपपेक्षा तारा, जोड आणि ऊन जास्त छळतात.

मी शेलूबाजारचा, तालुका मंगरूळपीर, जिल्हा वाशीम. सोयाबीन निघालं की इथे सगळ्यांचे डोळे काट्यावर. इलेक्ट्रॉनिक काट्याच्या पोटात लोडसेल असतो. त्याला ५ व्होल्ट दिले आणि पूर्ण वजन ठेवलं, की साधारण १० मिलिव्होल्ट बाहेर येतात. काटा १०० किलोचा आणि १० ग्रॅमची पायरी दाखवणारा असेल, तर हिशोब करून बघा: एक पायरी म्हणजे फक्त १ मायक्रोव्होल्ट, व्होल्टचा दहा लाखावा भाग. दुरुस्तीच्या टेबलावर काट्याचा इंडिकेटर तपासायचा तर लोडसेलच्या जागी आपणच मोजून-मापून मिलिव्होल्ट द्यावे लागतात. (काटा खरा की खोटा हे ठरवायचा अधिकार वैधमापन शास्त्र विभागाचा, तोही प्रमाणित वजनांनी. मी बोलतोय ते बोर्ड तपासण्यापुरतं.) पायऱ्या १०,००० आणि प्रत्येक पायरीचा दहावा भाग दिसायला हवा, म्हणजे १ लाख भाग. १६ बिटचे भाग ६५,५३६ च होतात. १७ तरी लागतात, बाजारात मिळतात ते १८ किंवा २० बिटवाले.

तो एक मायक्रोव्होल्ट कुठे हरवतो हे शोधत गेलं की जवळजवळ प्रत्येक वळणावर एकच माणूस उभा दिसतो. लॉर्ड केल्विन. शाळेत आपण त्यांना तापमानाच्या धड्यात उरकून टाकतो. बेंचवर काम करणाऱ्याला ते तिथे नाही, तारेच्या टोकाला भेटतात.

जन्म २६ जून १८२४, बेलफास्ट, आयर्लंड. नाव विल्यम थॉमसन. आई तो सहा वर्षांचा असतानाच गेली. वडील गणिताचे शिक्षक. त्यांना ग्लासगो विद्यापीठात प्राध्यापकी मिळाली आणि घर स्कॉटलंडला आलं. विल्यमने दहाव्या वर्षी त्या विद्यापीठात नाव घातलं. त्या काळी तिथे हुशार मुलांना इतक्या लवकर घेत, तरी दहा म्हणजे दहाच. पंधरा-सोळाव्या वर्षी त्याने फूरिए या फ्रेंच गणितज्ञाचं उष्णतेवरचं पुस्तक वाचून काढलं. धातूच्या दांड्यातून उष्णता कशी पसरत जाते याचं ते गणित. ते त्याच्या डोक्यात आयुष्यभर राहिलं, आणि पुढे समुद्राच्या तळाशी उपयोगी पडलं. केंब्रिजला १८४५ च्या परीक्षेत तो दुसरा आला. १८४६ मध्ये, बाविसाव्या वर्षी, ग्लासगोला भौतिकशास्त्राचा प्राध्यापक झाला. तिथे दारू साठवायच्या एका जुन्या तळघरात त्यांनी विद्यार्थ्यांसाठी प्रयोगशाळा उभी केली. १८४८ मध्ये निरपेक्ष तापमानाची पट्टी मांडली. पाठ्यपुस्तक इथे थांबतं. खरी गंमत पुढे आहे.

१८५० च्या दशकात आयर्लंड ते अमेरिकेकडचं न्यूफाउंडलंड अशी समुद्राखालून तार टाकायचा घाट घातला गेला. थॉमसन यांनी आधीच गणित करून ठेवलं होतं. लांब केबल म्हणजे नुसती तार नव्हे. तांब्याचा रोध आणि भोवतीच्या पाण्याशी होणारा कपॅसिटर असं ते जोडकाम. तिच्यात विजेचा ठोका फूरिएच्या दांड्यातल्या उष्णतेसारखा हळूहळू पसरतो. लांबी दुप्पट केली की उशीर चौपट. कंपनीचे विद्युततज्ज्ञ होते वाइल्डमन व्हाइटहाउस, मूळचे डॉक्टर. त्यांना हे मान्य नव्हतं. त्यांचा भर जोरावर, म्हणजे जास्त व्होल्टेजवर.

हेच गणित आपल्या डॅकच्या बाहेरही बसलेलं असतं. आवाज गाळायला १० किलोओम आणि १ मायक्रोफॅरॅडचा फिल्टर लावला, तर त्याचा टाइम कॉन्स्टंट १० मिलिसेकंद. मल्टिमीटरवर आकडा लगेच स्थिरावल्यासारखा दिसतो. पण २० बिटच्या एका पायरीच्या आत यायला असे जवळपास १४ टाइम कॉन्स्टंट थांबावं लागतं, म्हणजे १४० मिलिसेकंद. घाई करणाऱ्याला चुकीचा आकडा मिळतो.

थॉमसन नुसते सांगून थांबले नाहीत. केबलच्या तांब्याचे नमुने मोजले, तेव्हा दिसलं की शुद्धतेनुसार विजेचं वहन खूप कमी-जास्त होतंय. तार जहाजावर चढवण्याआधी तपासा, हा आग्रह त्यांनी धरला. आज कारखान्यात क्वालिटी कंट्रोल म्हणतात, ते हेच. पण तांब्याच्या तुकड्याचा रोध इतका कमी, की मीटरच्या तारांचा रोधच त्याहून जास्त भरतो! म्हणून १८६१ च्या सुमारास त्यांनी नवा ब्रिज काढला. कल्पना साधी: करंट नेणाऱ्या दोन तारा वेगळ्या आणि व्होल्टेज बघणाऱ्या दोन वेगळ्या. बघणाऱ्या तारांतून जवळजवळ करंटच जात नाही, मग त्यांच्या रोधाने काही बिघडत नाही. याला आज सगळे केल्विन कनेक्शन म्हणतात. लांब केबलच्या लोडसेलला चारऐवजी सहा तारा का असतात, त्याचं उत्तर हेच.

डॅकच्या बोर्डावर हे किती महाग पडतं ते बघा. अर्धा मिलिमीटर रुंद आणि ५० मिलिमीटर लांब तांब्याची पट्टी, नेहमीच्या जाडीची, साधारण ०.०५ ओम भरते. तिच्यातून १० मिलिअँपिअर गेले तर ५०० मायक्रोव्होल्ट तिथेच सांडले. १० व्होल्टच्या २० बिट डॅकची पायरी साडेनऊ मायक्रोव्होल्टची. म्हणजे पन्नासेक पायऱ्या बोटभर तांब्यात गेल्या. एडी५७९१ या २० बिटच्या चिपला रेफरन्सच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन पिना आहेत, एक फोर्स आणि एक सेन्स. पैसे वाचवायला कुणी त्या एकत्र जोडून सरळ रेफरन्सला नेतो, आणि मग चिपला दोष देतो.

आता परत समुद्राकडे. १८५७ ची केबल टाकतानाच तुटली. ऑगस्ट १८५८ मध्ये दुसरी एकदाची पोचली. थॉमसन स्वतः जहाजावर होते, या कामाचा पगार न घेता. राणी व्हिक्टोरियाचा ९८ शब्दांचा संदेश जायला १६ तास लागले. सिग्नल अशक्त आहे म्हणून व्हाइटहाउस यांनी सुमारे २००० व्होल्टपर्यंतचे झटके दिले. केबल आधीच कुठेकुठे कच्ची होती. जेमतेम महिनाभरात ती कायमची गप्प झाली. लोकांचे पैसे बुडाले, आणि ही केबल खरंच चालली होती का, अशीही शंका घेतली गेली.

थॉमसन यांची वाट उलटी होती. पाठवणाऱ्याने ओरडायचं नाही, ऐकणाऱ्याने कान तयार करायचा. त्यांनी केलेल्या मिरर गॅल्व्हानोमीटरमध्ये रेशमाच्या धाग्यावर एक चिमुकला आरसा टांगलेला आणि त्याच्या पाठीला बारीक चुंबक चिकटवलेले. शेजारच्या गुंडाळीतून इवलासा करंट गेला तरी आरसा कणभर फिरतो, आणि त्यावर पडलेला दिव्याचा कवडसा समोरच्या पट्टीवर चांगला हलतो. प्रकाशाच्या किरणाला वजन नसतं, त्यामुळे काटा कितीही लांब करा. मला तरी यापेक्षा देखणं ॲम्प्लिफायर ठाऊक नाही.

१८६५ ची केबल अर्ध्या वाटेत हरवली. १८६६ मध्ये ग्रेट ईस्टर्न या अवाढव्य जहाजाने नवी टाकली आणि हरवलेलीही शोधून पूर्ण केली. मग लॅटिमर क्लार्क या इंजिनिअरने पलीकडच्या टोकाला दोन्ही केबल एकमेकींना जोडायला लावल्या. चांदीच्या अंगुस्तानात थोडं आम्ल आणि जस्ताचा तुकडा टाकून एवढुशी बॅटरी केली आणि सिग्नल सोडला. तो अटलांटिक ओलांडून गेला, परत आला, आणि थॉमसन यांच्या आरशाने तो दाखवला. आठ वर्षांपूर्वी २००० व्होल्टने जे मोडलं, ते एका अंगुस्तानाने केलं. त्याच वर्षी थॉमसन यांना सर ही पदवी मिळाली. १८७० मध्ये याच ग्रेट ईस्टर्नने मुंबई ते एडन केबल टाकली आणि आपली मुंबई समुद्राखालून लंडनच्या जाळ्यात आली.

तारायंत्राच्या धंद्यात त्यांचे भागीदार होते फ्लीमिंग जेंकिन आणि क्रॉमवेल वर्ली. यातल्या वर्ली यांचं आणि केल्विन यांचं नाव मिळून एक व्होल्टेज डिव्हायडर आहे, केल्विन-वर्ली. मोजमापाचा डॅक समजायचा तर आधी हा समजून घ्या.

सगळ्यात सरळ डॅक म्हणजे सारख्या रेझिस्टरची माळ. प्रत्येक गाठीवर एक स्विच. यालाही केल्विन डिव्हायडरच म्हणतात. ८ बिटला २५६ रेझिस्टर. २० बिटला १०,४८,५७६, म्हणजे अशक्यच. केल्विन-वर्लीत शेत मोजल्यासारखं करतात: आधी एकर, मग उरलेले गुंठे. पहिल्या माळेत ११ सारखे रेझिस्टर. त्यातल्या शेजारच्या कोणत्याही दोघांवर दुसरी माळ बसवायची, जिचा एकूण रोध त्या दोघांइतकाच. समांतर जोडल्यामुळे ते दोघे मिळून एकासारखे वागतात. ११ चे झाले १० समान भाग, आणि त्यातल्या एका भागाचे दुसरी माळ पुन्हा १० भाग करते. फ्लूक ७२०ए या प्रयोगशाळेतल्या यंत्रात अशा सात पायऱ्या आहेत, म्हणजे १ कोटी भाग. अट एकच: पहिली माळ अगदी सारखी हवी. तिथली चूक पुढच्या कितीही माळांनी भरून निघत नाही.

म्हणूनच दोन स्वस्त १६ बिट डॅक, एक मोठ्या पायऱ्यांना आणि एक बारीक पायऱ्यांना, जोडून ३२ बिट झाले असं समजू नका. मोठ्या डॅकचा वाकडेपणा तसाच राहतो. चांगल्या मल्टिमीटरने मोजून तो सॉफ्टवेअरमध्ये दुरुस्त करावा लागतो. काट्याच्या कामात थोडी सवलत आहे. इंडिकेटर गुणोत्तर बघतो, त्यामुळे डॅकचा रेफरन्स इंडिकेटरच्याच ५ व्होल्टमधून घेतला की त्या व्होल्टेजचं थोडं हलणं दोन्हीकडे सारखंच लागतं.

तापमान मात्र सवलत देत नाही. दोन वेगळ्या धातूंच्या जोडांमध्ये तापमानाचा फरक पडला की आपोआप व्होल्टेज तयार होतं. झेबेक यांनी ते १८२१ मध्ये पाहिलं होतं, थॉमसन यांनी १८५० च्या दशकात त्याला उष्णतेच्या नियमांत बसवलं. तांबं आणि सोल्डरच्या जोडावर एक-दोन अंशांचा फरक म्हणजे काही मायक्रोव्होल्ट. मे महिन्यात आमच्याकडे पंखा एका बाजूने लावून बोर्ड तपासला, तर ते काही मायक्रोव्होल्ट काट्यावर काही दहा ग्रॅम दाखवतात. बोर्डावर साधं पुठ्ठ्याचं खोकं पालथं घाला, जोड जवळजवळ आणि सारखे ठेवा, अर्धा तास तापू द्या. एवढ्याने पुष्कळ फरक पडतो.

ते सगळीकडेच बरोबर होते असंही नाही. पृथ्वीचं वय त्यांनी २ ते ४० कोटी वर्षांत बसवलं. खरं वय ४५४ कोटींच्या आसपास. गणित चोख होतं, पण पृथ्वीच्या पोटातली उष्णता दांड्यातल्यासारखीच बाहेर येते हे धरून चाललेलं.

१८९२ मध्ये ते लॉर्ड झाले. विद्यापीठाजवळून वाहणाऱ्या केल्विन नदीचं नाव त्यांनी घेतलं. १८९९ मध्ये, ५३ वर्षांनी, प्राध्यापकी सोडली आणि त्याच विद्यापीठात विद्यार्थी म्हणून नाव नोंदवलं. १७ डिसेंबर १९०७ ला ते गेले. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत न्यूटनच्या जवळ त्यांना पुरलं. तापमानाच्या एककाला बरीच वर्षं डिग्री केल्विन म्हणत. १९६७-६८ च्या वजन-मापांच्या जागतिक परिषदेत डिग्री गळली, म्हणून डेटाशीटमध्ये ३०० केल्विन असंच असतं, अंशाची खूण न लावता.