दुष्काळाने घडवलेली पंडिता

पुण्याहून दौंडच्या गाडीत बसलं की उरळी, यवत मागे टाकत केडगाव येतं. आपल्यापैकी कित्येकजण या स्टेशनवरून गेले असतील, पण उतरले किती? याच केडगावच्या माळावर १८९७ साली एका बाईने तंबू ठोकले आणि दुष्काळातून वाचवलेल्या शेकडो मुलींना आसरा दिला. त्या बाई म्हणजे पंडिता रमाबाई.

शाळेच्या पुस्तकात रमाबाई भेटतात त्या समाजसुधारकांच्या यादीत. नाव, साल, संस्था, दोन मार्क! पण मला त्यांच्या आयुष्याचं मूळ सापडतं ते दुष्काळात.

त्यांचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवलं, म्हणून लोकांचा रोष ओढवून घेतला. पुढे हे कुटुंब तीर्थक्षेत्रं फिरत, पुराणं सांगत जगायचं. १८७० च्या दशकात दक्षिणेत भीषण दुष्काळ पडला. घरात विद्या भरपूर, पण पुराण सांगून पोट भरणाऱ्यांना मजुरी करणं माहीत नव्हतं आणि भीक मागायची लाज! झाडपाला खाऊन दिवस काढले. वडील गेले, पाठोपाठ आई, मग मोठी बहीण. उरले रमा आणि भाऊ श्रीनिवास. दोघं भारतभर पायी हिंडले आणि १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचले. तिथल्या विद्वानांनी वीस वर्षांच्या या मुलीला 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या.

पुढचा काळ भराभर गेला. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी जातीबाहेर लग्न, १८८१ मध्ये मुलगी मनोरमा, १८८२ मध्ये वैधव्य. त्या पुण्यात आल्या, आर्य महिला समाज काढला, हंटर कमिशनपुढे स्त्रीशिक्षणासाठी साक्ष दिली. १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या आणि तिथे ख्रिस्ती झाल्या. पुण्यात खळबळ उडाली! जोतीराव फुल्यांनी मात्र 'सत्सार'मधून त्यांची बाजू घेतली. आणि गंमत म्हणजे, ख्रिस्ती झाल्यावरही रमाबाई पाद्र्यांचं ऐकेनात. पटलं नाही तर बिशपशीसुद्धा वाद घालायच्या.

अमेरिकेत मदत उभी करून त्यांनी ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन काढलं आणि १८९० मध्ये ते पुण्यात आणलं. विधवा मुलींना शिकवायचं, धर्माची सक्ती करायची नाही, ही अट होती. पण काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसू लागल्या. 'केसरी'ने टीकेची झोड उठवली. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर यांनीही सल्लागार मंडळ सोडलं आणि कित्येक पालकांनी मुली काढून नेल्या. याच सदनात शिकलेल्या गोदूबाईंशी त्याच वर्षी धोंडो केशव कर्वे यांनी पुनर्विवाह केला, हेही विसरायला नको.

मग आला १८९६-९७ चा दुष्काळ. मध्य प्रांतातून बातम्या येऊ लागल्या. रमाबाई स्वतः तिकडे गेल्या. सरकारी पुअरहाउसमधली माणसांची दशा त्यांनी पाहिली. अनाथ मुलींना फूस लावून नेणारे लोकही पाहिले. लहानपणी अनुभवलेली भूक त्यांना परत दिसली असणार. त्यांनी सुमारे ३०० मुली आणि बायका वाचवल्या. पण पुण्यात प्लेग! शहरात एवढी माणसं ठेवायला परवानगी मिळेना. केडगावला जमीन आधीच घेतलेली होती, तिथे तंबू लागले. त्याच प्लेगमध्ये स्त्रियांची होणारी हेळसांड त्यांनी वर्तमानपत्रातून जाहीर मांडली, तेव्हा ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत प्रश्न गेला. धर्म साहेबाचा घेतला म्हणून त्या साहेबाच्या मिंध्या झाल्या नव्हत्या.

१८९८ मध्ये मुक्ती सदनाची रीतसर सुरुवात झाली. १९०० मध्ये गुजरातेत दुष्काळ पडल्यावर तिथूनही शेकडो मुली आल्या. आपल्यासारख्या इंजिनिअरिंगवाल्यांनी पाहावं ते इथे! विहिरी, शेती, फळबाग, हातमाग, तेलघाणा, शिवणकाम, छापखाना. जिला जे जमेल ते काम शिकवायचं. अंध मुलींना मनोरमाबाई ब्रेल शिकवायच्या. मुली खिळे जुळवायच्या, मशीन चालवायच्या. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून साध्या मराठीत केलेलं बायबलचं भाषांतरही याच छापखान्यात छापलं गेलं. विद्या असूनही उपाशी राहिलेल्या घरातली ही मुलगी हाताला काम देण्यावर एवढा भर का देते, हे वेगळं सांगायला नको.

आता अवघड प्रश्न. मुक्ती ही उघड ख्रिस्ती संस्था होती आणि तिथल्या पुष्कळ मुली ख्रिस्ती झाल्या. उपाशी मुलीने अन्न देणाऱ्याचा धर्म घेतला, तर ती तिची मर्जी म्हणायची का? प्रश्न रास्त आहे, तो टाळून रमाबाईंवर लिहू नये असं मला वाटतं. पण त्याच्या जोडीला दुसराही प्रश्न विचारावा लागतो. त्याच दुष्काळात टिळक आणि सार्वजनिक सभेने शेतकऱ्यांना त्यांचे हक्क समजावले, ते काम मोठंच. पण जिला शेत नाही, नवरा नाही, आईबाप नाहीत, अशा दहा वर्षांच्या मुलीला घरात कोण घेणार होतं? जे फार थोडे पुढे आले, त्यांत रमाबाई होत्या. टीका करण्याचा हक्क सगळ्यांना आहे, पण तिच्या पानात भाकरी वाढणाऱ्याची टीका जरा जास्त ऐकावी, एवढंच माझं म्हणणं.

१९२१ मध्ये मनोरमाबाई गेल्या. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाईंनीही केडगावलाच शेवटचा श्वास घेतला. मुक्ती मिशन आजही तिथे उभं आहे. भूकंप, पूर, दुष्काळ आला की आपणही कॉलेजमधून कपडे-बिस्किटं गोळा करतो आणि ट्रक निघाला की मोकळे होतो. रमाबाई ट्रक निघाल्यावर थांबल्या नाहीत. वाचवलेल्या मुलींबरोबर त्या पंचवीस वर्षं राहिल्या. मित्रांनो, पुढच्या वेळी गाडी केडगावला थांबली, तर निदान खिडकीतून बाहेर बघा!