दिजोंचा जलदाता हेन्री डार्सी

फ्रान्समधील दिजों शहराचें पाणी एके काळीं फार दूषित असे. ह्याच शहरीं १० जून १८०३ रोजीं हेन्री डार्सी यांचा जन्म झाला. चौदाव्या वर्षीं पितृछत्र हरपलें. परंतु मातेनें शिक्षणांत खंड पडूं दिला नाहीं. पॅरिस येथें स्थापत्यविद्या शिकून ते सरकारी इंजिनिअर झाले, आणि १८४० सालीं दूरच्या एका झऱ्याचें निर्मळ पाणी त्यांनीं सुमारें १२ किलोमीटर झांकलेल्या पाटानें जन्मगांवीं आणिलें. मोबदला घेतला नाहीं. सुवर्णपदक मात्र स्वीकारलें!

पुढें प्रकृति खालावली असतां, १८५५-५६ मध्यें, त्यांनीं उभ्या नळकांड्यांत वाळू भरून तिच्यांतून झिरपणारें पाणी मोजलें. वाळूच्या वरील व खालील पाण्याच्या दाबदर्शक पातळ्यांतील अंतर दुप्पट केलें, कीं प्रवाह दुप्पट होई; थर दुप्पट जाड केला, कीं निम्मा. भूगर्भांतील पाण्याचा हिशेब आजही ह्याच नियमावरून सुरू होतो, आपल्या दख्खनच्या काळ्या खडकाच्या थरांतही. मात्र वाळू घाण बरीचशी अडविते; खडकाच्या रुंद भेगा अडवीत नाहींत. शोषखड्ड्याची घाण अशा भेगेनें दूरच्या विहिरींतही लवकर उतरूं शकते. म्हणून येथें नियमाबरोबर भेगांचाही माग काढावा लागतो.

हा शोध १८५६ सालीं दिजोंच्या पाणीपुरवठ्यावरील त्यांच्या ग्रंथांत, शेवटीं जोडलेल्या एका टिपणांत, प्रसिद्ध झाला. जानेवारी १८५८ मध्यें पॅरिस येथें डार्सी निवर्तले. दिजोंकरांनीं शहरांतील एका प्रमुख चौकास त्यांचें नांव दिलें.