दुःखाला हसविणारी लक्ष्मीबाई
(द्वितीय वर्ष कला)

दिंडोरीकडून येणाऱ्या एस.टी.तून उतरून मी कॉलेजला येते तेव्हा वाटेत शरणपूर रस्ता लागतो. शरणपूर म्हणजे शरण आलेल्यांचे गाव. एकोणिसाव्या शतकात मिशनरी लोकांनी ही वसाहत वसविली. आफ्रिकेतील गुलामगिरीतून सोडविलेली मुलेसुद्धा येथे येऊन शिकली. गेली दोन वर्षे मी या रस्त्याने जाते आहे, पण या नावाचा अर्थ मला उमगला तो एक पुस्तक वाचल्यावर. ते पुस्तक म्हणजे 'स्मृतिचित्रे' आणि ते लिहिणारी बाई म्हणजे आपल्याच नाशिकची लक्ष्मीबाई टिळक.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. तेव्हा थोरामोठ्यांच्या चरित्रावर लिहिण्याचा माझा अधिकार तो किती! पण लक्ष्मीबाई तरी कोणत्या कॉलेजात गेल्या होत्या? याच धीरावर मी लेखणी हाती घेतली आहे.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ साली नाशिकजवळच्या जलालपूर गावी, गोदामाईच्या काठी झाला. माहेरच्या त्या गोखले. त्यांच्या आईच्या वडिलांना १८५७ च्या बंडानंतर फाशी झाली. त्या धक्क्यानंतर लक्ष्मीबाईंच्या वडिलांना सोवळ्याचे जणू वेडच लागले. बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात येत नसे. मीठसुद्धा त्यातून सुटले नाही! अशा घरात वाढलेल्या या मुलीचे लग्न वयाच्या अकराव्या वर्षी नारायण वामन टिळकांशी झाले. टिळक बुद्धीने तल्लख, संस्कृतचे जाणकार आणि हाडाचे कवी. पण स्वभावाने तापट आणि लहरी. आज या गावी तर उद्या त्या गावी. हाती आलेला पैसा टिकायचा नाही. बायकोला अक्षरओळख करून दिली तीही त्यांनीच आणि वरचेवर रडविलेही त्यांनीच. पोटची काही मुले लहानपणीच गेली. १८९१ साली दत्तूचा जन्म झाला, तेव्हा कुठे संसाराला जरा आधार मिळाला.

पण खरा वज्राघात पुढेच होता. राजनांदगावकडे जाताना आगगाडीत एका गोऱ्या गृहस्थाने टिळकांना बायबल वाचावयास दिले. टिळकांच्या मनाला सत्याची तहान होतीच. ते वाचीत गेले, झगडत गेले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंना ही बातमी नवऱ्याच्या तोंडून कळली नाही. ती कळली लोकांकडून. ज्या घरात मीठ धुऊन घेत त्या घरच्या मुलीचा नवरा ख्रिस्ती झाला! नवरा जिवंत आहे म्हणून सवाशीण म्हणावे, तर तो जातीबाहेर गेलेला. पदरात लहान मूल. बहिणीच्या आधाराने त्या पंढरपुरी राहिल्या. अन्न गोड लागेना आणि झोप येईना. वेड लागते की काय अशी त्यांची अवस्था झाली.

येथे मला थोडे माझ्या घरचे सांगितले पाहिजे. २०२१ साली कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत माझे वडील गेले. रात्री रुग्णवाहिका आली. वडील स्वतःच्या पायांनी चालत जाऊन तीत बसले आणि पाचव्या दिवशी फोनवरून निरोप आला. आईला शेवटचे तोंडही पाहता आले नाही. तेव्हापासून आई द्राक्षबागेत थिनिंगला जाते, स्वयंपाक करते, सारे काही करते. पण ती हसायची बंद झाली. नातेवाईक म्हणत, रडली असती तर मोकळी झाली असती. ती रडलीही नाही.

मागच्या पावसाळ्यात मी ग्रंथालयातून 'स्मृतिचित्रे' घरी नेले आणि रात्री मोठ्याने वाचू लागले. आईला वाचता येत नाही. ती भांडी आवरता आवरता ऐके. मीठ धुण्याचा प्रसंग आला आणि आई एकदम हसली. मी पुस्तकावरून मान वर केली नाही. मान वर केली असती तर तिचे हसू थांबेल, अशी मला भीती वाटली. त्यानंतर रोज रात्री जेवणे झाली की ती विचारायची, त्या बाईचे पुढे काय झाले?

पुढे काय झाले, ते आता सांगते. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर लक्ष्मीबाई नवऱ्याकडे अहमदनगर भागात परत आल्या. पण आल्या त्या आपला धर्म आणि आपली चूल घेऊन. टिळक ख्रिस्ती, त्या सोवळ्यातल्या. टिळकांची थोरवी अशी की, त्यांनी बळजबरी केली नाही. राहुरीस असताना मात्र लक्ष्मीबाईंच्या मनात एक विचार घर करून बसला. जात केली कोणी? देवाने की माणसाने? माणसे सारी सारखीच जन्मतात आणि सारखीच मरतात, मग एकाच्या हातचे पाणी चालते आणि दुसऱ्याच्या हातचे का चालू नये? हा प्रश्न त्यांना कोणा पाद्र्याने घातला नव्हता. तो त्यांचा त्यांनीच सोडविला आणि कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याचे ठरविले. धर्म त्यानंतर आला. १९०० साली राहुरीस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आधी माणूस जवळचा झाला आणि मग देव, हा त्यांच्या श्रद्धेचा क्रम मला फार मोलाचा वाटतो.

श्रद्धेने त्यांचे दुःख संपले का? मुळीच नाही. पण त्या दुःखाला काम मिळाले. दुष्काळात अनाथ झालेली पोरे त्यांनी पोटाशी धरली. प्लेगमध्ये, सख्खे नातेवाईकही दूर पळत असता, त्या रोग्यांच्या उशाशी बसल्या. कवी बालकवी ठोंबरे त्यांच्या घरी मुलासारखे राहिले. ते १९१८ साली भादली स्टेशनजवळ आगगाडीखाली सापडून गेले. पुढच्याच वर्षी, ९ मे १९१९ रोजी, मुंबईस टिळकांनी देह ठेवला. ज्याच्यासाठी सारे सोडले तोही गेला. मग लक्ष्मीबाईंनी मुंबईस मुलींच्या वसतिगृहात नोकरी केली, मुलाबरोबर कराचीस राहिल्या आणि शेवटी नाशिकला आल्या.

टिळकांनी ख्रिस्ताच्या जीवनावर 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य लिहावयास घेतले होते. त्यांच्या हातून जेमतेम दहा अध्याय झाले. जिला अक्षरे नवऱ्याने शिकविली त्या बाईने पुढचे ६४ अध्याय रचले! 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झाली आणि २४ फेब्रुवारी १९३६ रोजी लक्ष्मीबाई नाशिकलाच निवर्तल्या. या पुस्तकात रडगाणे नाही. नवऱ्यावर राग आहे, पण कटुता नाही. सर्वांत जास्त हसल्या आहेत त्या स्वतःला.

लक्ष्मीबाई नवऱ्याकडे परत गेल्या तो भाग वाचून झाला, तेव्हा आई बराच वेळ गप्प होती. मग ती म्हणाली की, त्या बाईचे बरे, तिला निदान परत जाऊन भांडायला तरी मिळाले. माझा माणूस न सांगता गेला आणि भांडायलाही थांबला नाही. एवढे बोलून ती रडू लागली. किती वर्षांचे ते रडे होते! मी पुस्तक मिटले आणि तिच्याजवळ बसून राहिले. दुसऱ्या दिवशी तिने वडिलांचा फोटो ट्रंकेतून काढून भिंतीला लावला आणि शेजारच्या बायकांना मीठ धुण्याची गोष्ट अगदी साभिनय सांगितली.

आम्ही ख्रिस्ती नाही. आईचा विठ्ठल आहे तिथेच आहे. लक्ष्मीबाईंना जो आधार ख्रिस्ताच्या चरणी सापडला तो आईला कोठे सापडेल, हे सांगण्याइतकी मी मोठी नाही. पण एक गोष्ट मला दिसली. श्रद्धा खरी असेल तर ती माणसाला इतरांपासून तोडत नाही. ती त्याला दुसऱ्याच्या उशाशी नेऊन बसविते आणि तेथेच त्याची स्वतःची जखमही हळूहळू भरत येते. आईला लक्ष्मीबाईंचा धर्म ठाऊक नाही. पण त्यांचे दुःख तिने ओळखले आणि त्या ओळखीनेच तिला थोडे बरे वाटले.

मित्रमैत्रिणींनो, 'स्मृतिचित्रे' आपल्या ग्रंथालयात आहे. परीक्षेपुरते वाचू नका. घरी न्या आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना मोठ्याने वाचून दाखवा. सध्या ते माझ्या नावावर आहे आणि परत करण्याची तारीख केव्हाच उलटून गेली आहे. ग्रंथपाल सरांनी क्षमा करावी. आईचा शेवटचा भाग अजून ऐकायचा राहिला आहे.