पाद्रीबुवांची ठिणगी

दिवाळीत मुले टिकल्या फोडतात. ना वात, ना काडी. दगडाचा एक ठोका बसला की फट्! ठोक्यातून आग काढण्याची ही युक्ती बंदुकीत आणणारा माणूस सेनापती नव्हता, कारखानदारही नव्हता. स्कॉटलंडमधल्या एका खेड्यातले ते पाद्री होते. रेव्हरंड अलेक्झांडर जॉन फोर्साइथ.

माझी त्यांच्याशी गाठ पडली ती खडकीच्या लढाईमुळे. बँकेतून निवृत्त झाल्यावर १८१७ सालावर एक कादंबरी लिहायला घेतली होती. ५ नोव्हेंबरच्या त्या दिवशी कोणाच्या हातात कोणती बंदूक होती, एवढेच मला पाहायचे होते. कंपनी सरकारचे शिपाई चकमकीच्या बंदुका घेऊन उभे होते, हे लगेच कळले. पण त्या जुन्या पडायला लावणारा शोध लढाईच्या दहा वर्षे आधीच लागलेला होता, आणि त्याला पहिला आसरा देणारा गृहस्थ पुढे पेशवाई बुडवणारा गव्हर्नर जनरल झाला, हे वाचले आणि कादंबरी काही महिने बाजूला राहिली.

अ‍ॅबर्डीनच्या उत्तरेला, समुद्रकाठी बेलहेल्वी नावाचे गाव आहे. फोर्साइथ यांचा जन्म तिथला, २८ डिसेंबर १७६८ चा. वडील तिथल्याच चर्चचे धर्मोपदेशक. मुलगा अ‍ॅबर्डीनच्या किंग्ज कॉलेजात शिकला आणि १७९१ मध्ये वडिलांच्याच जागी बसला. पुढची ५२ वर्षे, म्हणजे मरेपर्यंत, त्यांनी ती जागा सोडली नाही. रविवारी प्रवचन, एरवी गावकऱ्यांची सुखदुःखे, आणि उरलेल्या वेळात दोन नाद: रसायनांचे प्रयोग आणि पाणपक्ष्यांची शिकार.

या शिकारीतच सगळे दडलेले आहे. चकमकीच्या बंदुकीचा चाप ओढला की घोड्यात धरलेली गार पोलादी पट्टीवर आपटायची. ठिणग्या बाहेरच्या छोट्या ताटलीतल्या रंजकेवर पडायच्या, ती भुर्रकन पेटायची आणि तिचा जाळ एका बारीक छिद्रातून आत शिरून नळीतल्या दारूला लागायचा. मग बार. हे सारे पापणी लवण्याच्या अवधीत होई. पण बदकाला तेवढा अवधी पुष्कळ. रंजकेचा भपका दिसला की ते बुडी मारी, आणि छर्रे पोचेपर्यंत तिथे नुसते पाणी. वर पावसाची सर आली किंवा वारा सुटला तर रंजक पेटायचीच नाही. आधी त्यांनी भपका झाकायला बंदुकीवर एक टोपण बसवून पाहिले. पण मूळ दुखणे त्याने जाईना.

मला या माणसाचे आवडते ते इथे. दुसरा एखादा पक्ष्यांना शिव्या देऊन घरी गेला असता. पाद्रीबुवांनी प्रश्न उलटा केला: भपका लपवण्यापेक्षा तो मुळातच नको. ठोका बसताच पेटणारी रसायने त्या काळी नवी नवी हाती येत होती. एडवर्ड हॉवर्ड यांनी पाऱ्याच्या फल्मिनेटवरचा निबंध १८०० साली रॉयल सोसायटीपुढे ठेवला होता. ही द्रव्ये म्हणजे पिसाळलेली कुत्री. बंदुकीची मुख्य दारू म्हणून ती वापरावीत तर नळीच फुटे. फोर्साइथ यांनी त्यांना फक्त काडीचे काम दिले. चिमूटभर द्रव्य बंद जागेत ठेवायचे, त्यावर ठोका द्यायचा, आणि जाळ बाहेर न जाता सरळ आत दारूत शिरेल असे करायचे. १८०५ पर्यंत त्यांची बंदूक चालू लागली. अत्तराच्या कुपीसारखा दिसणारा एक भाग त्यांनी बसवला होता. तो फिरवला की पुढच्या बारापुरते द्रव्य आपोआप जागेवर पडे.

१८०६ मध्ये ते लंडनला गेले. तोफखान्याचे प्रमुख होते लॉर्ड मॉयरा. त्यांनी पाद्रीबुवांना थेट टॉवर ऑफ लंडनमध्ये कार्यशाळा दिली. गावचे काम बदली माणसावर सोपवून ते तिथे राबले. पण १८०७ मध्ये सरकार बदलले, मॉयरांच्या जागी लॉर्ड चॅथम आले आणि त्यांनी पाद्रीबुवांना आपले सामान उचलून चालते व्हायला सांगितले. साहेब बदलला की आधीच्या साहेबाची योजना अडगळीत जाते, हे बँकेत तीस वर्षे काढलेल्या माणसाला कोणी समजावून सांगायला नको! मॉयरा पुढे हिंदुस्थानात आले, मार्क्विस ऑफ हेस्टिंग्ज झाले, आणि त्यांच्या कारकिर्दीत पुण्यावरचा भगवा उतरला. तोही जुन्या चकमकीच्या बंदुकांच्या जोरावर.

फोर्साइथ यांनी त्याच १८०७ च्या एप्रिलमध्ये पेटंट घेतले. त्या कामी जेम्स वॉट यांची मदत झाली. नेपोलियनने या गुपितासाठी २०,००० पौंड देऊ केले आणि त्यांनी नाकारले, असे त्यांच्या चरित्रांतून सांगितले जाते. लंडनमध्ये पिकॅडिलीत त्यांच्या नावाने दुकान निघाले. पुढे नामांकित झालेले जेम्स पर्डी यांनी तिथे काम केले. नक्कल करणाऱ्यांवर खटले भरून ते जिंकलेही. पण १८२१ मध्ये पेटंटाची मुदत संपली, आणि तोवर द्रव्य तांब्याच्या टोपीत भरण्याची सोपी कल्पना निघाली होती. ती कोणाची यावर अनेकांनी हक्क सांगितला. फोर्साइथ त्यांत नव्हते.

सैन्य जागे झाले १८३४ मध्ये. वुलिचला दोन्ही तऱ्हांच्या बंदुकांमधून सहा-सहा हजार बार काढले गेले. चकमकीच्या ९२२ वेळा फुसक्या ठरल्या, ठोक्याच्या फक्त ३६ वेळा. तरीही बदल सावकाशच झाला. १८४१ च्या मे महिन्यात चीनमध्ये कॅंटनजवळ मद्रासच्या ३७ व्या पलटणीची एक तुकडी मुसळधार पावसात वेढली गेली. चकमकीच्या बंदुका पेटेनात. तिला सोडवायला गेलेल्या तुकड्यांकडे टोपीच्या बंदुका होत्या. १८५७ च्या वणव्याला निमित्त झालेली एन्फिल्ड रायफलही टोपीचीच होती.

ती टोपी पुढे काडतुसाच्या बुडात जाऊन बसली. तिलाच आज प्रायमर म्हणतात. अमेरिकेत आणि आफ्रिकेत मोठ्या जनावरांचे शिकारी आपली काडतुसे घरी भरतात, तेव्हा प्रायमर निवडताना त्यांच्यापुढे पाद्रीबुवांचाच प्रश्न असतो. १९११ च्या .४१६ रिग्बीसारख्या काडतुसात सहा ग्रॅमच्या आसपास दारू मावते. ती मुद्दाम सावकाश जळणारी, म्हणून पेटायला जड. थंडीत तर अधिकच. जाळ कमी पडला तर चाप ओढल्यावर क्षणभर काहीच होत नाही, मग बार होतो. आणि समोर रानरेडा असेल तर तो क्षण महागात पडतो. म्हणून अशा काडतुसाला जास्त आणि लांब जाळाचा मॅग्नम प्रायमर लावतात. पण जाळ जास्त तितका चांगला, असेही नाही. नुसता प्रायमर बदलला तरी नळीतला दाब बदलतो; म्हणून जाणते लोक दारू कमी करून पुन्हा खालून चढत येतात. शिवाय एडवर्ड बॉक्सर या ब्रिटिश अधिकाऱ्याचा प्रायमर एका सुईने मधूनच ठोकून काढता येतो, तर हिरम बर्डन या अमेरिकनाचा काढणे कटकटीचे. गंमत अशी की इंग्रजाचा प्रायमर अमेरिकेत रूढ झाला आणि अमेरिकनाचा युरोपात. फोर्साइथ यांच्या मिश्रणांत पोटॅशियम क्लोरेट होते. त्याची राख मिठासारखी दमट हवा ओढून नळ्या गंजवी. त्यापासून पुरती सुटका व्हायला विसावे शतक उजाडावे लागले.

गोरगरिबांचे बाप्तिस्मे आणि अंत्यविधी करणाऱ्या माणसाला आपल्या ठोक्याने रणांगणावर काय केले याचे काय वाटत असेल, हे मला लेखक म्हणून सारखे टोचते. १८१५ च्या वॉटर्लूच्या आधी हे शस्त्र आपल्या देशाला मिळावे म्हणून ते धडपडले होते, एवढे खरे.

सरकारने १८४२ मध्ये त्यांना २०० पौंड दिले. तेव्हा त्यांचे वय ७३ होते. ११ जून १८४३ रोजी बेलहेल्वीतच ते गेले. त्यानंतर आणखी १,००० पौंड मंजूर झाले आणि तीन नातेवाइकांत वाटले गेले. ज्या टॉवरमधून त्यांना सामान उचलायला लावले होते, तिथे पुढे विसाव्या शतकात त्यांच्या नावाची पाटी बसली.