विश्लेषण : शत्रूच्या उपाशी मुलांसाठी खटला ओढवून घेणाऱ्या एग्लंटाइन जेब कोण होत्या?

युद्ध संपले तरी ते लढलेल्या आणि हरलेल्या देशांतील घरांचे हाल संपत नाहीत. अशा कुटुंबांना, त्यातही पराभूत शत्रूच्या मुलांना, मदत करणे हे कर्तव्य आहे की देशद्रोह? पहिल्या महायुद्धानंतर हा प्रश्न एका ब्रिटिश महिलेने आपल्याच सरकारसमोर उभा केला. ‘सेव्ह द चिल्ड्रन’ ही संस्था आणि बालहक्कांचा पहिला आंतरराष्ट्रीय जाहीरनामा या दोन्हींच्या मुळाशी असलेल्या एग्लंटाइन जेब यांच्या जीवनकार्याचा हा आढावा.

नेमके काय घडले होते?

११ नोव्हेंबर १९१८ रोजी पहिले महायुद्ध थांबले. मात्र दोस्त राष्ट्रांनी जर्मनी आणि ऑस्ट्रिया-हंगेरीची केलेली सागरी नाकेबंदी लगेच उठली नाही. शांतता करारावर जर्मनीची सही होईपर्यंत दबाव कायम ठेवायचा, असे धोरण होते. मार्च १९१९ पासून काही अन्नधान्य जाऊ लागले, तरी जर्मनीची नाकेबंदी पूर्णपणे उठली ती जुलै १९१९ मध्ये. तोवर व्हिएन्ना, बर्लिनसारख्या शहरांत दूध मिळेनासे झाले होते. मुडदूस आणि क्षयाने मुले खंगत होती.

एप्रिल १९१९ मध्ये लंडनच्या ट्रॅफल्गार चौकात एग्लंटाइन जेब पत्रके वाटत होत्या. त्यावर ऑस्ट्रियातील एका कुपोषित बालकाचे छायाचित्र होते आणि या अवस्थेला ब्रिटनची नाकेबंदी जबाबदार असल्याचे स्पष्ट म्हटले होते. पत्रके सरकारी परवानगीविना छापली म्हणून युद्धकालीन संरक्षण कायद्याखाली त्यांच्यावर कारवाई झाली. मे महिन्यात खटला चालला. जेब यांनी आपली बाजू स्वतःच मांडली. कायद्याचा भंग झाला, हे त्यांनी नाकारले नाही; पण प्रश्न नैतिकतेचा आहे, यावर भर दिला. न्यायालयाने त्यांना दोषी ठरवले, पण दंड केला अवघा पाच पौंडांचा. सरकारी वकील सर आर्चिबाल्ड बॉडकिन यांनी खटल्यानंतर तेवढीच रक्कम स्वतःच्या खिशातून त्यांच्या हाती दिली. ती त्यांच्या नव्या निधीच्या पहिल्या देणग्यांपैकी एक मानली जाते.

जेब यांची पार्श्वभूमी काय होती?

२५ ऑगस्ट १८७६ रोजी इंग्लंडमधील श्रॉपशर परगण्यातील एल्समिअर येथे एका सधन, सुशिक्षित कुटुंबात त्यांचा जन्म झाला. आई ग्रामीण कारागिरांना हस्तकलेचे शिक्षण देणारी चळवळ चालवत होती. जेब यांनी ऑक्सफर्डच्या लेडी मार्गारेट हॉलमध्ये इतिहासाचे शिक्षण घेतले. त्यानंतर त्या प्राथमिक शाळेत शिक्षिका झाल्या. पण वर्गात मुलांना सांभाळणे त्यांना फारसे जमले नाही आणि प्रकृतीनेही साथ दिली नाही. पुढे त्या केंब्रिजला आल्या. तेथील ‘चॅरिटी ऑर्गनायझेशन सोसायटी’त काम करताना त्यांनी शहरातील गरिबीची पाहणी केली आणि १९०६ मध्ये त्यावर पुस्तक प्रसिद्ध केले. केवळ कळवळा पुरेसा नाही, मदतीआधी माहिती हवी आणि मदतीनंतर हिशेब हवा, ही शिस्त त्यांना येथे लागली.

युद्धग्रस्त कुटुंबांशी संबंध कसा आला?

१९१३ मध्ये पहिल्या बाल्कन युद्धाच्या काळात त्या मदतनिधी घेऊन मॅसेडोनियात गेल्या. गावे जळालेली, पुरुष मारले गेलेले किंवा परागंदा झालेले आणि बायका-मुले थंडीत उघड्यावर, असे दृश्य त्यांनी पाहिले. निर्वासितांत अनेक अल्बेनियन मुस्लीम कुटुंबे होती. त्यांच्यावर अत्याचार करणारे सैन्य ख्रिस्ती देशाचे होते, ही बाब श्रद्धाळू जेब यांना अस्वस्थ करणारी होती.

या दौऱ्यातून त्यांनी दोन निष्कर्ष काढले. एक, पाव आणि ब्लँकेट वाटून कुटुंब तगते, पण उभे राहत नाही. त्यासाठी बियाणे, जनावरे, घर आणि काम लागते. दुसरा, युद्धे होतच राहिली तर मदतीला अंत नाही. त्या परतल्यानंतर काही महिन्यांतच दुसरे बाल्कन युद्ध सुरू झाले आणि वर्षभरात महायुद्ध पेटले.

‘सेव्ह द चिल्ड्रन’ची स्थापना कशी झाली?

या कामात जेब यांची धाकटी बहीण डोरोथी बक्स्टन यांचा वाटा मोठा होता. युद्धकाळात डोरोथी शत्रूराष्ट्रांच्या वृत्तपत्रांतील मजकुराचे इंग्रजी भाषांतर ‘केंब्रिज मॅगझिन’मध्ये प्रसिद्ध करत. जेब त्या कामात सहभागी झाल्या. पलीकडच्या घरांतही तीच टंचाई आणि तेच शोक आहेत, हे त्यांना या मजकुरातून रोज दिसत होते. १९१९ च्या आरंभी ‘फाइट द फॅमिन कौन्सिल’ स्थापन झाली. नाकेबंदी उठवा, ही तिची राजकीय मागणी होती. पण धोरण बदलेपर्यंत मुले थांबू शकत नव्हती. म्हणून प्रत्यक्ष मदतीसाठी वेगळा निधी उभारायचे ठरले. १९ मे १९१९ रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमधील जाहीर सभेत ‘सेव्ह द चिल्ड्रन फंड’ लोकांसमोर आला.

सभेला आलेल्या सगळ्यांची मने अनुकूल नव्हती. लाखो ब्रिटिश कुटुंबांनी युद्धात मुलगा, भाऊ किंवा पती गमावला होता. ज्यांनी आमची माणसे मारली त्यांच्या मुलांना दूध का पाजायचे, हा सवाल क्रूरपणातून नव्हे तर दुःखातून आलेला होता. जेब यांचे उत्तर साधे होते : मुलाने युद्ध पुकारलेले नसते, त्यामुळे त्याची शिक्षा त्याला देता येत नाही. हजारो सामान्य ब्रिटिश लोकांना हे पटले आणि देणग्यांचा ओघ सुरू झाला.

यात ख्रिस्ती धर्मश्रद्धेचा वाटा किती?

जेब अँग्लिकन होत्या. त्यांची श्रद्धा उत्कट आणि खासगी स्वरूपाची होती. धर्मप्रसार हा त्यांच्या कामाचा हेतू नव्हता. शत्रूवरही प्रेम करण्याची ख्रिस्ताची शिकवण व्यवहारात आणायची असेल तर ती मदतीच्या यादीत दिसली पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. निधीने सुरुवातीला स्वतःची यंत्रणा न उभारता, आधीपासून काम करणाऱ्या संस्थांना पैसे दिले. त्यांत क्वेकर पंथीयांची मदत समिती महत्त्वाची होती.

त्या काळी प्रॉटेस्टंट आणि कॅथलिक यांच्यातील दरी मोठी होती. तरीही जेब यांनी पोपचे साह्य मागितले. पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनी नोव्हेंबर १९१९ मध्ये मध्य युरोपातील मुलांसाठी जगभरच्या कॅथलिक चर्चमधून निधी गोळा करण्याचे आवाहन केले. त्यासाठी दिवस निवडला २८ डिसेंबर, म्हणजे हेरोद राजाने मारलेल्या बेथलेहेमच्या निष्पाप बालकांचा स्मृतिदिन. जेब यांची व्हॅटिकनमध्ये पोपशी भेट झाली आणि ती ठरल्यापेक्षा बरीच लांबली. डिसेंबर १९२० च्या परिपत्रकात पोपनी ‘सेव्ह द चिल्ड्रन’चा नावाने गौरव केला. कॅथलिक नसलेल्या संस्थेसाठी हे असाधारण होते. त्याआधी ६ जानेवारी १९२० रोजी जिनिव्हात ‘इंटरनॅशनल सेव्ह द चिल्ड्रन युनियन’ स्थापन झाली होती. कोणत्याही देशाच्या, पंथाच्या मुलासाठी काम, हे तिचे सूत्र होते.

मदतीची पद्धत कशी होती?

जेब यांनी दानधर्माला व्यवस्थापनाची जोड दिली. वृत्तपत्रांत पूर्ण पानाच्या जाहिराती दिल्या. त्यावर टीका झाली, पण खर्चापेक्षा कितीतरी अधिक निधी आला. एखाद्या परदेशी मुलाचा खर्च ठरावीक काळ उचलण्याची योजना त्यांनी लोकप्रिय केली. बुडापेस्टमध्ये मुलींना जेवणासोबत शिवणकाम शिकवणाऱ्या कार्यशाळा चालवण्यात आल्या, जेणेकरून घरात कमावते हात वाढावेत.

मोठी कसोटी आली ती १९२१ च्या रशियातील दुष्काळात. महायुद्ध, यादवी युद्ध आणि अवर्षण यांनी व्होल्गाच्या खोऱ्यातील शेतकरी कुटुंबे उद्ध्वस्त झाली होती. सप्टेंबर १९२१ मध्ये ‘टोर्चेलो’ जहाज ६०० टन अन्न घेऊन लंडनहून निघाले. सारातोव्ह प्रांतात स्वयंपाकघरे उघडली गेली आणि काम भरात असताना तेथे रोज सुमारे तीन लाख मुलांना जेवण दिले जात होते. दुष्काळाचे चित्रीकरण ब्रिटनमध्ये दाखवण्यात आले. साम्यवादी रशियाला कशाला पोसायचे, येथे बेकार कामगारांची मुले उपाशी असताना पैसे बाहेर का पाठवायचे, अशी टीका लंडनच्या काही वृत्तपत्रांनी केली. मात्र ब्रिटनमधील गरजू मुलांसाठीही निधी काम करत होता.

दीर्घकालीन पुनर्वसनाचे उदाहरण बल्गेरियात दिसते. युद्धांमुळे विस्थापित झालेल्या कुटुंबांसाठी तेथे निधीच्या मदतीने आतोलोवो हे गाव वसवण्यात आले. संस्थेचे अध्यक्ष ड्यूक ऑफ अ‍ॅथल यांच्या नावावरून ते नाव पडले. मॅसेडोनियात काढलेला पहिला निष्कर्ष येथे प्रत्यक्षात आला होता.

दानाकडून हक्कांकडे वळण कसे आले?

बातमीतून संकट ओसरले की देणग्याही आटतात, हे जेब यांनी जवळून पाहिले. मुलाचे जगणे देणाऱ्याच्या मर्जीवर राहू नये, असे त्यांना वाटू लागले. त्यातून १९२३ मध्ये त्यांच्या पुढाकाराने पाच कलमांचा छोटा मसुदा तयार झाला. मुलाच्या शारीरिक आणि आत्मिक वाढीची साधने मिळावीत. भुकेल्याला अन्न, आजाऱ्याला शुश्रूषा, अनाथाला आसरा आणि वाट चुकलेल्याला परतीची संधी मिळावी. संकटात पहिली मदत मुलांना मिळावी. मूल पुढे पोट भरण्यास सक्षम व्हावे आणि त्याचे शोषण होऊ नये. आपले गुण इतरांच्या सेवेसाठी आहेत या जाणिवेत ते वाढावे, असा त्याचा आशय होता. वंश, राष्ट्र आणि धर्म यांपलीकडे जाऊन मानवजात मुलांचे हे देणे लागते, अशी त्याची प्रस्तावना होती. २६ सप्टेंबर १९२४ रोजी राष्ट्रसंघाने तो स्वीकारला. हाच ‘जिनिव्हा जाहीरनामा’.

त्याच्या मर्यादा कोणत्या?

जाहीरनामा कोणत्याही देशावर बंधनकारक नव्हता. पंधरा वर्षांतच दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि लाखो मुले मारली गेली. मसुद्यात मोठ्यांची कर्तव्ये होती. मुलाचे स्वतःचे मत ऐकले जावे, याचा उल्लेख नव्हता. उपाशी मुलांची छायाचित्रे दाखवून निधी गोळा करण्याची पद्धतही तेव्हापासून रुळली. त्यात मुलाच्या प्रतिष्ठेचे काय, हा वाद आजही मदतसंस्थांमध्ये सुरू आहे.

आज त्याचे महत्त्व काय?

थायरॉइडच्या आजाराने जेब अनेक वर्षे त्रस्त होत्या. १७ डिसेंबर १९२८ रोजी वयाच्या ५२ व्या वर्षी जिनिव्हात त्यांचे निधन झाले. त्या अविवाहित होत्या. २०२४ मध्ये त्यांचे अवशेष जिनिव्हातील मान्यवरांसाठीच्या स्मशानभूमीत हलवण्यात आले.

त्यांच्या पाच कलमांचा विस्तार होत संयुक्त राष्ट्रांचा १९५९ चा जाहीरनामा आणि २० नोव्हेंबर १९८९ चा बालहक्क करार आकाराला आला. हा करार बंधनकारक आहे आणि मुलाचे मत ऐकण्याचा हक्कही त्यात आहे. भारताने तो डिसेंबर १९९२ मध्ये स्वीकारला. आपल्याकडील राष्ट्रीय आणि राज्य बालहक्क संरक्षण आयोग ज्या २००५ च्या कायद्याने आले, त्याला या कराराचा आधार आहे. जगातील जवळपास सर्व देश करारात असताना अमेरिकेने मात्र त्याला मंजुरी दिलेली नाही.

युक्रेन, गाझा, सुदान येथील घरे उद्ध्वस्त होत असताना, कोणाच्या मुलांना मदत करायची हा प्रश्न पुन्हा राजकारणाच्या तराजूत तोलला जातो. अन्नाची वाट अडवणे हे युद्धाचे हत्यार असू शकते का, यावर आजही सरकारे भांडतात. १९१९ मध्ये विजयी देशाच्या नागरिक असलेल्या जेब यांनी तो प्रश्न शत्रूला नव्हे, तर स्वतःच्या सरकारला विचारला होता. त्याची किंमत न्यायालयाने पाच पौंड ठरवली.